यादीचा मजकूर आणि मजकुराची यादी: हापूसच्या ऑर्डरी सांभाळता सांभाळता पायथन

एप्रिल उजाडला की देवगडच्या आमच्या घरात दोन गोष्टींचे ढीग वाढतात. पडवीत पेट्यांचा आणि फोनवर ऑर्डरींचा. कुणी लिहितं, ‘दादर, ठाणे ,कोथरूड प्रत्येकी एक’, कुणी पाच ओळींचा पत्ता पाठवतं, तर कुणी मराठी आकडे लिहितं. या सगळ्याची नीट यादी करायची, आणि संध्याकाळी गाडीवाल्याच्या हातात पुन्हा सरळ वाचता येईल असा मजकूर द्यायचा. बाबांचं एकच सांगणं असतं, ‘आधी यादी बघ, मगे पेटयेक हात लाव.’ हे काम मी गेली काही वर्षं पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत करतो. यादीचा मजकूर करणं आणि मजकुराची यादी करणं हे त्या कामाचं सार आहे. शिकवताना हा विषय जॉइन (जोडा) आणि स्प्लिट (तोडा) या दोन आज्ञांत उरकतात. मराठी मजकूर समोर आला की त्या दोन आज्ञा पुरत नाहीत, म्हणून हा लेख.

आधी लिहिण्याच्या पद्धतीबद्दल. पायथनच्या आज्ञा इंग्रजी अक्षरांतच टाइप कराव्या लागतात. इथे मी त्यांचे उच्चार देवनागरीत दिले आहेत: जॉइन, स्प्लिट, लिस्ट, फॉर, इन, इफ. ‘स्ट्र’ म्हणजे एस-टी-आर आणि ‘इंट’ म्हणजे आय-एन-टी. मात्र गावे, संदेश, ओळ ही नावं जशी दिसतात तशी देवनागरीतच टाइप केली तरी चालतात, पायथन ३ त्यांना हरकत घेत नाही. आकड्यांचं थोडं वेगळं आहे. आज्ञेतला सुटा आकडा इंग्रजी अंकातच टाइप करा, तिथे देवनागरी अंक लिहिला तर चूक दाखवली जाते. अवतरणचिन्हांच्या आतल्या आकड्याची गोष्ट पुढे येईलच.

यादीपासून मजकुराकडे

हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते कोकणातल्या पाच जिल्ह्यांसाठी. पेटीवरच्या चिठ्ठीत आम्ही ही नावं छापतो, तेव्हा तीच यादी घेऊ:

जिल्हे = ["रत्नागिरी", "सिंधुदुर्ग", "रायगड", "ठाणे", "पालघर"]

मजकूर = ", ".जॉइन(जिल्हे)

उत्तर येतं: रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर. बहुतेक जण पहिल्यांदा हे उलटं लिहितात, म्हणजे जिल्हे.जॉइन(", "), आणि यादीला अशी आज्ञाच नाही असं उत्तर मिळवतात. इथे वस्तुकेंद्री (ऑब्जेक्ट-ओरिएंटेड) रचनेचा विचार समजून घेतला तर पुन्हा कधी चुकत नाही. पायथनमध्ये टिंबानंतर येणारी आज्ञा टिंबाआधीच्या वस्तूची असते. जोडण्याचं काम यादीचं नाही, सांधणाऱ्या तुकड्याचं आहे. गजरा विणताना फुलं कुठलीही असोत, ओवतो तो दोरा. इथे दोरा म्हणजे स्वल्पविराम आणि त्यापुढची मोकळी जागा. म्हणूनच जॉइनला यादी द्या, टपल (न बदलता येणारी यादी) द्या, नाहीतर फाइलमधून एकेक येणाऱ्या ओळी द्या, त्याला फरक पडत नाही.

दोरा बदला की रूप बदलतं. "\एन".जॉइन(जिल्हे) लिहिलं तर प्रत्येक नाव नव्या ओळीवर येतं. उलटी तिरकी रेघ आणि एन ही नव्या ओळीची खूण आहे. "".जॉइन(जिल्हे) लिहिलं तर मध्ये काहीच न येता सगळं सलग चिकटतं.

मराठीत शेवटच्या नावाआधी ‘आणि’ यायला हवं. त्यासाठी वेगळी आज्ञा नाही, दोन तुकडे करावे लागतात:

मजकूर = ", ".जॉइन(जिल्हे[:-१]) + " आणि " + जिल्हे[-१]

जिल्हे[:-१] म्हणजे शेवटचं सोडून सगळे, जिल्हे[-१] म्हणजे फक्त शेवटचा. यादीत एकच नाव असेल तर उत्तर ‘ आणि रत्नागिरी’ असं विचित्र येतं आणि यादी रिकामी असेल तर प्रोग्राम थांबतो. म्हणून आधी लेन(जिल्हे), म्हणजे यादीची लांबी, तपासा आणि दोनपेक्षा कमी असतील तर साधं जॉइन वापरा.

आता आकडे. डझन = [५, ६, ४] अशी यादी जॉइनला दिली की टाइपएरर येतो. पहिल्याच घटकाशी स्ट्रिंग (मजकूर) अपेक्षित होती, इंट (पूर्ण संख्या) सापडला, असं तो संदेश सांगतो. जॉइन स्वतःहून काही बदलत नाही, आणि ते मला योग्यच वाटतं. पाच डझन आणि ‘पाच’ हा शब्द यांत गल्लत व्हायला नको. बदल आपण करायचा:

", ".जॉइन(मॅप(स्ट्र, डझन))

मॅप प्रत्येक घटकावर स्ट्र चालवतं. हेच स्ट्र(ड) फॉर ड इन डझन असं कंसात लिहिलं तरी चालतं. यादीत काही जागा रिकाम्या, म्हणजे ‘नन’ असतील तर दुसरी पद्धत बरी, कारण तिच्या शेवटी इफ ड इज नॉट नन अशी अट घालता येते. मॅप वापरलंत तर नन हा शब्दच छापील चिठ्ठीत उमटेल.

एक सवय मात्र मोडा. रिकामा मजकूर घ्यायचा आणि फॉरच्या प्रत्येक फेरीत त्याला अधिक-बरोबर चिन्हाने पुढचं नाव जोडत जायचं, असं पुष्कळ ठिकाणी दिसतं. पायथनची स्ट्रिंग एकदा बनली की बदलत नाही, त्यामुळे प्रत्येक जोडणीत नवी स्ट्रिंग बनण्याची शक्यता असते. शंभर ऑर्डरींना फरक कळणार नाही, लाखो ओळींना कळेल. पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे: त्या पद्धतीत शेवटी एक जादा स्वल्पविराम उरतो आणि तो काढायला आणखी एक ओळ लिहावी लागते.

स्ट्र(यादी) हा सापळा

स्ट्र(जिल्हे) लिहिलं तरी मजकूर मिळतो, पण तो चौकटी कंसांसकट आणि प्रत्येक नावाभोवतीच्या अवतरणचिन्हांसकट. चूक शोधताना तो उपयोगी पडतो, माणसाला वाचायला द्यायचा नसतो. खरी अडचण परत येताना होते. त्या मजकुरावर लिस्ट( ) चालवलं की जुनी यादी मिळत नाही. कंस, अवतरणचिन्ह, र, त अशी एकेक खूण सुटी होऊन येते. असा मजकूर आधीच फाइलमध्ये साठवून बसला असाल तर एएसटी या मॉड्यूलमधलं (मॉड्यूल म्हणजे तयार आज्ञांचा गठ्ठा) लिटरल_इव्हॅल वापरा. ते फक्त मजकूर, आकडे, याद्या अशा साध्या गोष्टी वाचतं. नुसतं इव्हॅल वापरू नका, कारण ते मजकुरात लिहिलेली कुठलीही आज्ञा चालवतं.

मजकुरापासून यादीकडे

फोनवर आलेला संदेश समजा असा आहे:

संदेश = "दादर, ठाणे ,कोथरूड,,  सांगली"

संदेश.स्प्लिट(",") केलं की पाच तुकडे मिळतात: "दादर", " ठाणे ", "कोथरूड", "" आणि "  सांगली". मोकळ्या जागा तशाच राहिल्या आणि दोन स्वल्पविरामांच्या मध्ये एक रिकामा तुकडा आला. हा तुकडा तसाच पुढे गेला तर गाडीवाल्याच्या चिठ्ठीत एक बिननावाची ओळ येते, आणि भल्या पहाटे तो फोन करून विचारतो की ही पेटी कुणाची. म्हणून मी नेहमी असं लिहितो:

गावे = [ग.स्ट्रिप() फॉर ग इन संदेश.स्प्लिट(",") इफ ग.स्ट्रिप()]

स्ट्रिप दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा काढतं आणि शेवटची अट रिकामे तुकडे गाळते. आता चारच गावं उरतात.

स्प्लिट कंसात काही न देता वापरलं तर त्याचा स्वभावच बदलतो. मग ते कुठल्याही मोकळ्या जागेवर तोडतं, चार जागा सलग असल्या तरी एकच धरतं आणि रिकामे तुकडे देत नाही. स्पेस, टॅब, नवी ओळ, सगळं त्यात आलं. कंसात " " दिलं तर मात्र प्रत्येक स्पेस वेगळी मोजली जाते. रिकाम्या मजकुरावर स्प्लिट() रिकामी यादी देतं, स्प्लिट(",") मात्र एक रिकामा तुकडा असलेली यादी देतं. ‘आज ऑर्डर आल्या का’ हे यादीच्या लांबीवरून ठरवत असाल तर हा फरक तुम्हाला फसवेल: ऑर्डर शून्य आणि लांबी एक.

ओळींचा मजकूर असेल तर स्प्लिटलाइन्स वापरा. वेगवेगळ्या यंत्रांवर ओळ संपवायच्या खुणा वेगळ्या असतात, त्या सगळ्या ते ओळखतं.

आता एक खास मराठी अडचण. लोक स्वल्पविरामाऐवजी ‘व’ लिहितात: "देवगड व मालवण". इथे स्प्लिट("व") लिहिलं तर काय येतं पाहा: "दे", "गड ", " माल", "ण". दोन्ही गावांच्या पोटात व आहे! तोडायचं असेल तर दोन्ही बाजूंच्या स्पेससकट, म्हणजे स्प्लिट(" व ") असं तोडा. ‘आणि’साठीही हीच काळजी घ्या.

स्वल्पविराम, अर्धविराम, नवी ओळ असं काहीही येऊ शकत असेल तर री या मॉड्यूलचं स्प्लिट घ्या आणि चौकटी कंसात त्या खुणा द्या: री.स्प्लिट(आर"[,;\एन]", संदेश). अवतरणाआधीचं आर हे अक्षर तिरक्या रेघेला तशीच राहू देतं. पण याच मॉड्यूलमध्ये शब्द शोधण्यासाठी उलटी रेघ आणि डब्ल्यू ही खूण मराठीवर वापरू नका. ती अक्षर आणि अंक ओळखते, काना-मात्रा-वेलांटी तिला अक्षर वाटत नाही. री.फाइंडऑल(आर"\डब्ल्यू+", "देवगड") दोन तुकडे देतं: "द" आणि "वगड". मधली मात्रा गायब. "हापूस" दिला तर "ह", "प", "स" उरतात. इझअल्फा ही तपासणीसुद्धा "देवगड"ला अक्षरी मजकूर मानत नाही. मराठी शब्द वेगळे करायचे तर साधं स्प्लिट() घ्या, नाहीतर वेगळं इन्स्टॉल करावं लागणारं रेजेक्स मॉड्यूल वापरा. त्याला मात्रा कळतात.

आकडे परत मिळवताना मात्र पायथनने मला सुखद धक्का दिला. इंट("१२") चालतं! अवतरणातले देवनागरी अंक इंटला वाचता येतात आणि बारा ही खरी संख्या मिळते. आजूबाजूला मोकळी जागा असली तरी चालतं. "१२ डझन" मात्र चालत नाही, व्हॅल्यूएरर येतो. तिथे आधी स्प्लिट()[०] करून पहिला तुकडा घ्यायचा आणि मग इंट लावायचं. पूर्ण यादीसाठी:

डझन = [इंट(ड) फॉर ड इन "५, ६, ४".स्प्लिट(",")]

पत्त्यातला स्वल्पविराम

आता ज्या चुकीमुळे मी हा विषय मुळापासून शिकलो ती. पहिल्या मोसमात मी प्रत्येक ऑर्डर स्वल्पविरामाने जोडून फाइलमध्ये ठेवत होतो: पत्ता, गाव, डझन. परत वाचताना स्प्लिट(",") करून दुसरा तुकडा गाव म्हणून घ्यायचो. एकाचा पत्ता होता ‘फ्लॅट ३, दुसरा मजला’. दुसरा तुकडा ‘दुसरा मजला’ निघाला, गाव भलत्या रकान्यात गेलं आणि पेटी दोन दिवस गोदामात पडून राहिली. हापूस आढीतून निघाल्यावर कुणाची वाट बघत नाही. पेटी उघडली तेव्हा अर्धी फळं डागाळली होती. पैसे परत केले, आणि चूक माझ्या एका ओळीची होती.

म्हणजे जोडताना जो दोरा वापरला तोच यादीच्या आत असेल तर परतीची वाट बंद होते. जॉइनच्या वेळी काहीच तक्रार येत नाही, म्हणून तो धोका दिसत नाही. यावर तीन उपाय आहेत.

पहिला किरकोळ. हवा असलेला भाग नेमक्या टोकाला असेल तर तोडण्याची संख्या बांधून द्या. ओळ.आरस्प्लिट(",", १) उजवीकडून एकदाच तोडतं. डझन शेवटी असेल तर तो सुटा निघतो आणि डावीकडचा पत्ता स्वल्पविरामांसह अखंड राहतो. ‘गाव: दादर’ अशा ओळीला पार्टिशन(":") बरं. ते नेहमी तीनच तुकडे देतं, खूण सापडली नाही तरी.

दुसरा, सीएसव्ही मॉड्यूल, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या फाइलींसाठीचं. स्वल्पविराम असलेल्या रकान्याभोवती ते आपणहून अवतरणचिन्हं घालतं आणि वाचताना काढतं. फाइल उघडताना न्यूलाइन="" आणि एन्कोडिंग="यूटीएफ-८" हे दोन्ही द्या. तीच फाइल एक्सेलमध्ये उघडायची असेल तर एन्कोडिंगमध्ये यूटीएफ-८-सिग लिहा, नाहीतर एक्सेल मराठीची जागा अनोळखी चिन्हांनी भरण्याची शक्यता असते.

तिसरा, जेसन, म्हणजे याद्या आणि आकडे मजकुरात साठवायची एक ठरलेली पद्धत. यादीच्या आत यादी असेल, आकडे आकडेच राहायला हवे असतील, तर हाच मला सर्वांत विश्वासाचा वाटतो:

मजकूर = जेसन.डम्प्स(गावे, एन्शुअर_ॲस्की=फॉल्स)

परत = जेसन.लोड्स(मजकूर)

एन्शुअर_ॲस्की विसरलात तर प्रत्येक देवनागरी चिन्हाच्या जागी उलटी रेघ, यू आणि चार खुणांचा संकेत येतो. ‘द’च्या जागी ०९२६. चार चिन्हांच्या ‘दादर’चे चोवीस होतात. माहिती हरवत नाही, लोड्स ती बरोबर परत देतं, पण फाइल उघडून डोळ्यांनी तपासता येत नाही. मला ते चालत नाही, कारण शेवटची नजर माणसाचीच फिरायला हवी.

अक्षरांची यादी

लिस्ट("देवगड") लिहिलं की द, े, व, ग, ड अशी पाच घटकांची यादी येते. डोळ्यांना अक्षरं चार दिसतात, पायथन पाच मोजतं, कारण त्याच्या लेखी मात्रा हा स्वतंत्र कोडपॉइंट आहे, म्हणजे युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) स्वतःचा क्रमांक असलेलं चिन्ह. ‘रत्नागिरी’चे नऊ होतात: र, त, हलन्ताची खूण, न, काना, ग, वेलांटी, र, दीर्घ वेलांटी. "".जॉइन( ) केलं तर मूळ शब्द जसाच्या तसा परत येतो, तिथे अडचण नाही.

अडचण येते ती मध्ये काही उलटापालट केली की. "देवगड"[::-१] ही मजकूर उलटा करण्याची नेहमीची युक्ती वापरून पाहा. ‘डगवदे’ची अपेक्षा असते, येतं ‘डगवेद’. मात्रा द वरून उडी मारून व वर बसली, कारण ती आपल्या आधीच्या चिन्हाला चिकटते. पेटीच्या चिठ्ठीवर नाव मावत नाही म्हणून मजकूर[:१०] असं कापतानाही हेच होतं: कापण्याची जागा अक्षर आणि मात्रा यांच्या मध्ये आली तर ‘गी’चा ‘ग’ होतो.

वाचणाऱ्याला दिसतं ते अख्खं अक्षर हवं असेल तर रेजेक्स मॉड्यूलच्या फाइंडऑलमध्ये उलटी रेघ आणि मोठा एक्स ही खूण द्या. ‘देवगड’चे चार तुकडे मिळतील. जोडाक्षरांच्या बाबतीत आवृत्ती पाहावी लागते. देवनागरी जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम युनिकोडमध्ये २०२३ सालच्या १५.१ या आवृत्तीत आला, त्याआधीच्या नियमांनुसार ‘त्ना’चे ‘त्’ आणि ‘ना’ असे दोन भाग पडतात. तुमच्याकडे काय होतं ते ‘रत्नागिरी’वर एकदा चालवून बघा.

दिसायला सारखे पण आतून वेगळे असे दोन मजकूरही असतात. ‘किनाऱ्यावर’ यातला ऱ एकाच कोडपॉइंटने लिहिता येतो किंवा साधा र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असा दोन मिळूनही. कीबोर्डाप्रमाणे बदलतं. यादीत ‘किनाऱ्यावर’ आहे का असं विचारलं की पायथन नाही म्हणतं आणि समोर तर तो दिसत असतो. यादी करण्यापूर्वी मजकूर युनिकोडडेटा.नॉर्मलाइझ("एनएफसी", संदेश) यातून काढा, दोन्ही ऱ एक होतात. कॉपी केलेल्या मजकुरात लपून येणारे शून्य रुंदीचे जोडक मात्र यानेही जात नाहीत, आणि स्ट्रिपही त्यांना मोकळी जागा मानत नाही. सरसकट काढू नका, काही कीबोर्ड ऱ्य लिहायला तेच वापरतात. टोकाला राहिलेला जोडक तेवढा काढायचा, तर तो स्ट्रिपच्या कंसात स्वतः द्या.

आपल्या स्वतःच्या वस्तू

ऑर्डरी वाढल्या तेव्हा मी पेटी नावाचा क्लास, म्हणजे वस्तूचा साचा, केला. त्यात गाव आणि डझन. पेट्यांची यादी प्रिंट केली तर वस्तूचा प्रकार आणि स्मृतीतला पत्ता दिसतो, उपयोगाचं काही नाही. म्हणून क्लासमध्ये दोन्ही बाजूंना दुहेरी अधोरेषा असलेली स्ट्र ही पद्धत लिहायची:

डेफ __स्ट्र__(सेल्फ):
    रिटर्न सेल्फ.गाव + ", " + स्ट्र(सेल्फ.डझन)

प्रिंट(पेटी) आता नीट येतं. पण प्रिंट(पेट्या), म्हणजे पूर्ण यादी छापली, तर अजूनही तोच पत्ता! यादी आपल्या आतल्या वस्तूंना __स्ट्र__ नाही, __रेप्र__ विचारते. चूक शोधताना उपयोगी पडावं म्हणून तेही लिहून ठेवा. गाडीवाल्याच्या चिठ्ठीसाठी मात्र "\एन".जॉइन(मॅप(स्ट्र, पेट्या)) हेच वापरा. मॅप इथे गरजेचं आहे, नाहीतर आकड्यांसारखाच टाइपएरर येतो.

उलट दिशेसाठी, ओळीपासून पेटी बनवण्यासाठी, क्लासमेथड, म्हणजे थेट साच्यावर चालणारी पद्धत, लिहा:

@क्लासमेथड
डेफ ओळीवरून(सीएलएस, ओळ):
    गाव, डझन = ओळ.आरस्प्लिट(",", १)
    रिटर्न सीएलएस(गाव.स्ट्रिप(), इंट(डझन))

दोन्ही पद्धती एकाच क्लासमध्ये शेजारी ठेवा. जोडायची खूण बदलली की तोडायचीही बदलायची, हे मग डोळ्यांसमोर राहतं.

आणि रोज संध्याकाळी, चिठ्ठी छापण्याआधी, एक ओळ चालवा. मूळ पेट्यांचा मजकूर करायचा, त्या मजकुराच्या पुन्हा पेट्या करायच्या, त्यांचा पुन्हा मजकूर, आणि दोन्ही मजकूर सारखे आहेत का ते असर्टने (अट खोटी निघाली तर प्रोग्राम थांबवणाऱ्या आज्ञेने) तपासायचं. पेट्यांची संख्या आणि डझनांची बेरीजही जुळवायची. गेल्या मोसमात ही तपासणी एकदा अडकली. गावाच्या नावाच्या शेवटी नवी ओळ शिरली होती, एका पेटीच्या दोन ओळी झाल्या होत्या. रात्री नऊला दुरुस्त केलं. सकाळी बाबांनी कागद घेतला, पडवीतल्या पेट्यांवर बोट ठेवत एकेक ओळीपुढे पेन्सिलीने खूण केली आणि शेवटची खूण झाल्यावर गाडीचं फळकूट लावायला सांगितलं.